खालच्या घरातली गाणी

शूमेई पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा आईने एका दमात तिची माफी मागितली आणि तिच्या हातात पोह्यांची बशी दिली. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या विटांच्या दुमजली अपार्टमेंटमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. शूमेई आणि तिचा नवरा लिन आमच्या बरोब्बर खाली नुकतेच राहायला आले होते. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये आईचा गाण्याचा क्लास भरायचा. मराठी मंडळातली दहा-बारा मुलं, एक पेटी, आणि 'सा' नीट लागेपर्यंत कुणाची सुटका नाही. त्यामुळे खालची बाई वर आली ती तक्रार करायलाच, याविषयी आईला शंका नव्हती. शूमेईने मात्र बशी घेऊन सरळ कार्पेटवर बसकण मारली आणि क्लास संपेपर्यंत हलली नाही. मुलं गेल्यावर ती पेटीजवळ सरकली आणि तिने विचारलं, हात लावू का? तैवानमध्ये तिच्या प्राथमिक शाळेत असलंच वाद्य होतं, पण टेबलाएवढं, पायाने भाता मारायचं. त्यांच्या भाषेत त्याला वाऱ्याचं वाद्य म्हणतात. हे त्याचं बाळ दिसतंय, असं ती म्हणाली. आपल्या पेटीला कुणी बाळ म्हटलेलं आईला इतकं आवडलं की आम्हा मुलींसाठी ती त्याच दिवशी शूमेईताई होऊन गेली.

ती पेटी आईने नागपूरहून दोन गाद्यांमध्ये गुंडाळून आणली होती आणि आम्हा दोघी बहिणींपेक्षा तिची निगा जास्त राखली जायची असं माझं तेव्हाचं प्रामाणिक मत होतं. हिवाळ्यात घर तापलं की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि पट्ट्या अडकतात, म्हणून आई पेटीशेजारी पाण्याचं भांडं भरून ठेवायची. त्यात माझी धाकटी बहीण मंजू हमखास पाय घालायची. घरात सकाळी फोडणीचा वास, संध्याकाळी बाबांच्या ओल्या बुटांचा वास आणि मधल्या वेळात पेटी. आईचं गाणं म्हणजे शिस्त. तिला तीनेकशे भावगीतं आणि नाट्यपदं तोंडपाठ होती. गाणं म्हणण्याआधी कवी कोण, संगीत कुणाचं, मूळ गायिका कोण हे सांगायचं, मगच तोंड उघडायचं. नाव चुकलं की आई पेटीचा भाता सोडून द्यायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी सोळा वर्षांची होते. माझा सूर बरा होता आणि मराठी कच्चं होतं. नागपूर सोडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, त्यानंतर मराठी उरलं ते घरात बोलण्यापुरतं, बाकी सगळं शाळेतलं इंग्रजी.

शनिवारी दुपारी खालच्या घरात शूमेईताईची मंडळी जमायची. आसपासच्या विद्यापीठांतून शिकणारी तैवानी मुलंमुली, दोन गाड्यांमध्ये कोंबून आलेली, बहुतेक सगळी इंजिनिअरिंग नाही तर केमिस्ट्रीची. मला पहिल्यांदा तिने बोलावलं ते पेटी वाजवायला. आईने जाऊ दिलं ते मुख्यतः शूमेईताईच्या डंपलिंगमुळे. ती आमच्यासाठी कोबी आणि मशरूमचं सारण वेगळं करायची, वेगळ्या भांड्यात वाफवायची, आणि तिची बोटं कशी चालतात ते एकदा बघून आई म्हणाली होती, हिला कळ्या पाडता येतात. मोदक करणाऱ्या बाईकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

त्या घरातलं गाणं आमच्या घरातल्या गाण्यासारखं नव्हतं. शूमेईताई कॉलेजात गेली तेव्हा तिकडे गिटार पोचली होती, पण तिच्यावर वाजायची ती अमेरिकेची गाणी. ज्या गावांची नावं उच्चारता येत नाहीत त्या गावांची आठवण काढून पोरं रडायची, असं ती हसत सांगायची. मग एकाएकी त्या पोरांच्या मनाने घेतलं की आपल्या भाषेत, आपली, आपणच केलेली गाणी म्हणायची. कुणी कविता घेऊन चाल लावली, कुणी आजीच्या बोलण्यातून गाणं काढलं. होस्टेलच्या जिन्यात बसून एकमेकांना ऐकवायचं आणि कॅसेटवर उतरवून पुढे द्यायचं. बघता बघता ती गाणी रेडिओवर गेली. शूमेईताई त्या गर्दीतली. रेडिओवर तिचं एकच गाणं वाजलं होतं, तेही अर्धं, मध्येच बातम्या लागल्या. पण ते सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की उरलेलं अर्धं गाणं आपणही ऐकलं असं वाटावं. आणि मग लग्न करून ती आली कुठे, तर ज्यांची गाणी म्हणायची नाहीत असं ठरवलं होतं त्यांच्याच देशात. इथे आल्यावर तर आपली गाणी अजूनच लागतात, म्हणायची.

शनिवारचे नियम तिचेच. जेवायचं असेल तर नवीन गाणं आणा. गाणं नसेल तर चार ओळी तरी. आणि गाण्याआधी उभं राहून स्वतःचं नाव सांगा, गाणं कुठे केलं ते सांगा. एकाने मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी न सापडल्याचं गाणं केलं होतं. एका मुलीने आईने पाठवलेल्या वाळवलेल्या मुळ्याचं केलं होतं, ते ऐकताना निम्मी खोली नाक पुसत होती. मला चिनी एक अक्षर येत नव्हतं. मी वहीत ती गाणी देवनागरीत लिहून घ्यायचे, वर सरगम, आणि त्यांच्या भाषेत शब्द जसा चढतो-उतरतो तशा छोट्या रेघा. ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा नातीने उघडून विचारलं, आजी, ही कुठली मराठी? मी तिला त्यातलं एक म्हणून दाखवलं आणि अर्थ मात्र एका ओळीचाच आठवला. पण म्हणताना जी मजा आली ती सगळ्या ओळींची आली.

पेटी आणि गिटार यांचं जमायला जरा वेळ लागला. माझा सूर काळी पाचचा आणि त्यांची सगळी गाणी पांढऱ्या पट्ट्यांवरची. मग लिनने गिटारच्या दांडीला एक चिमटा लावून सूर वर चढवला आणि भांडण मिटलं. दोन महिने मी नुसती साथ केली आणि फुकट जेवले. तिसऱ्या महिन्यात शूमेईताईने माझ्यापुढची बशी हळूच उचलून मागे ठेवली. नियम म्हणजे नियम.

मी गाणं केलं. इंग्रजीत केलं. त्यात पाऊस होता, स्टेशन होतं आणि सोडून गेलेला मुलगा होता, आणि यांतलं माझ्या वाट्याला आयुष्यात काहीही आलेलं नव्हतं, पाऊस सोडून. शूमेईताईने शांतपणे ऐकलं आणि डंपलिंग लाटता लाटता विचारलं, तुमच्याकडे सकाळी सगळ्यात आधी काय ऐकू येतं? मी म्हटलं, पाइप. आमच्या इमारतीचा बॉयलर तळघरात होता. तो पेटला की भिंतीतला पाइप आधी खाकरायचा, मग रेडिएटर टकटक वाजू लागायचा, थेट दार ठोठावल्यासारखा. तोच पाइप आधी त्यांच्या घरातून जायचा आणि मग आमच्या. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पण तो तुमच्याकडे वर आला की काय होतं? मग मी सांगितलं की मंजू घाबरते आणि इंग्रजीत विचारते, हू इज इट? आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, कुणी नाही गं, ऊब आली. हे मी मराठीत म्हटलं आणि मग अर्थ सांगितला. शूमेईताईने लाटणं खाली ठेवलं. पुन्हा म्हण, म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिने लिनला हाक मारली, गिटार आण म्हणून.

त्या दुपारी जे झालं त्या गाण्याचं पहिलं कडवं असं:

टकटक टकटक, कोण आलं?
कुणी नाही गं, ऊब आली.
जिना न चढता वर आली,
दार न उघडता घरात आली.
पायात नाही बूट, अंगात नाही कोट,
ये गं बाई, बस गं बाई, शेकू दे बोट.

चाल अशी की पाइपच्या टकटकीवर केरवा आपोआप बसायचा. आज मी पोटापाण्यासाठी गाणी करते, आणि बरी करते असं लोक म्हणतात. पण त्या दुपारइतकं सोपं मला पुन्हा कधी झालेलं नाही. मी उभी राहिले, नाव सांगितलं, गाणं कुठे केलं तर या खोलीत असं सांगितलं, आणि माझी बशी मला परत मिळाली. मी आनंदाने इतकी फुगले होते की त्या दिवशी नेमकी किती डंपलिंग खाल्ली ते सांगण्यात अर्थ नाही.

घरी सांगायची हिंमत मात्र होईना. आधीच्या वर्षी मंडळात मी मराठीतून भाषण केलं होतं आणि त्यातल्या एका चुकीवर लोक महिनाभर फोनवरून हसत होते. मला त्याचं फार काही वाटलं नाही, आईला वाटलं. फोनवर ती हसून घ्यायची आणि रिसीव्हर ठेवला की ओटा पुसायला घ्यायची, तोच तोच ओटा. शिवाय नव्या गाण्याबद्दल तिचं मत मला ठाऊक होतं. आपल्याकडे गाण्यांचा काय दुष्काळ पडलाय, आहेत त्यातली शंभर तर धड म्हणा. तीन-चार शनिवार मी गप्प राहिले. मग एक दिवस आई डबा परत द्यायला खाली गेली आणि दारातच थबकली. आत चौदा तैवानी माणसं हातात बशा घेऊन तालात म्हणत होती, कुणी नाही गं, ऊब आली. त्यांच्यात 'गं' कुणालाच जमत नव्हता. मी पेटीवर होते. आई दिसली आणि माझी बोटं पट्ट्यांवरच राहिली.

आईने गाणं पुरतं ऐकलं. मग ती आत आली, चपला काढून बसली, आणि तिने पाऊण तास त्या सगळ्यांकडून 'गं' घोटून घेतला. नंतर आम्ही दोघी वर आलो. दार उघडताना म्हणाली, "दुसऱ्या ओळीला चाल सैल पडते. उद्यापासून माझ्यासमोर बस." मी समजले. संक्रांतीच्या कार्यक्रमात हे गाणं घ्यायचं तिच्या मनात आलं होतं. फक्त एक अट होती. नाव सांगायचं नाही. "आवडलं तर लोक विचारतील," ती म्हणाली, "नाही आवडलं तर कुणाचं होतं ते कुणाला कळायला नको. तुझी भाषा अजून कच्ची आहे, वसू. पुन्हा हसू नाही व्हायचं आपल्याला." तिला माझं भलंच हवं होतं, आणि ते कळत असूनही मला रडू आलं. ज्या बाईने मला नाव घेतल्याशिवाय गाणं म्हणू दिलं नाही, ती माझंच नाव गाळायला सांगत होती. मी होय म्हटलं. शूमेईताईला यातलं काही सांगितलं नाही, ते चुकलंच.

मंडळाची संक्रांत शाळेच्या कॅफेटेरियात असायची. बाहेर फावड्याने लोटलेल्या बर्फाचे ढीग, आत काळ्या साड्या, स्नो बूट आणि पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम. तिळगूळ वाटून झाला, मुलांची नाटुकली झाली, मग गाणी. मी पेटीवर, शेजारी शूमेईताई गिटार घेऊन, आणि डाव्या बाजूला खुर्चीवर आई. निवेदनाला नेने काकू होत्या. काकूंचं निवेदन म्हणजे मंडळाचा अभिमान. प्रत्येक गाण्याचा कवी, संगीतकार, गायिका, एक नाव चुकायचं नाही. माझ्या गाण्याच्या कागदावर त्यांना काहीच लिहिलेलं मिळालं नव्हतं. आता कवीची जागा रिकामी ठेवून निवेदन कसं करायचं? काकूंनी कागद उलटून पाहिला, चष्मा सारखा केला आणि त्यांच्या परीने चोख काम केलं. माइकमध्ये म्हणाल्या, "आता वसुधा सादर करते आहे, एक पारंपरिक गीत."

शूमेईताईने कुजबुजत विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, हे जुनं गाणं आहे म्हणाल्या, कुणी केलं ते माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही, पण तिचा हात तारांवरून खाली आला. "मग तू सांग ना," ती म्हणाली. मी मान खाली घालून भात्याला हात लावला. कार्यक्रमात खोळंबा नको म्हणून तिने चिमटा सारखा केला आणि सुरुवात दिली. मला अजून ते आठवलं की कान गरम होतात. तिच्या खोलीत मी नऊ वेळा नाव सांगून ते गाणं म्हटलं होतं, आणि इथे, माझ्या भाषेच्या माणसांसमोर, माझं तोंड उघडेना. आज ते पारंपरिक म्हणून गेलं की कायमचं गेलं, एवढं कळण्याइतकी मी मंडळात वाढले होते.

गाणं मात्र छान झालं. वाईट झालं असतं तर बरं, असं म्हणत होते मनात, पण गळ्याने ऐकलं नाही. दुसऱ्या कडव्याला मुलं टेबलांवर टकटक करायला लागली. मंजू पुढे बसली होती, तिने जिथे यायला हवं तिथे मोठ्याने "हू इज इट?" विचारलं आणि सगळा हॉल हसला. संपल्यावर टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला, आणि पहिल्या रांगेतून भोसेकर काका उठले. काका मूळचे साताऱ्याचे, मंडळाचे संस्थापक, मोठे रसिक, आणि कुठल्याही गाण्यानंतर दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना गुलाबजाम जात नसे. डोळे पुसत ते म्हणाले, किती वर्षांनी ऐकलं हे गाणं! त्यांची आई साताऱ्याला चुलीपुढे बसून म्हणायची. फक्त मूळ शब्द 'कोट' नाही, 'शेला' आहे, इथे येऊन कुणी तरी बदललेला दिसतोय. आणि तिसरं कडवं गाळलंत, ते म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी ते तिसरं कडवं म्हणून दाखवलं. त्यात सासरची वाट होती आणि माहेरचा झोपाळा होता. माझ्या चालीत बरोब्बर बसत होतं. दोघी-तिघी काकूंनी माना डोलावल्या, हो हो, आमच्याकडेही म्हणायचे.

मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होते. बोलायचं तर आत्ताच, हे कळत होतं, आणि तरी मी भाता मिटायला घेतला. तेवढ्यात डावीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो क्लासमध्ये कुणी कवीचं नाव चुकवलं की यायचा. तिने नेने काकूंच्या हातातून माइक घेतला.

"भोसेकर, पारंपरिक कसलं हो? हे आमच्या रेडिएटरचं गाणं आहे," आई म्हणाली. "दुसरी ओळ माझी आहे. बाकी सगळे शब्द आणि चाल माझ्या मुलीची, वसुधाची. या शूमेईच्या खोलीत बसून केलं. आणि कोटच आहे, शेला नाही."

मग मागच्या बाकावरून लिनने, ज्याला यातलं फक्त शूमेईचं नाव कळलं होतं, जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच. शूमेईताई मला कोपराने ढोसत होती, उभी राहा, उभी राहा. मी उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं ते ठरेना, म्हणून दोन्ही केलं. आई माइक परत देऊन खुर्चीत बसली होती आणि पदराने उगीचच पेटीवरची धूळ पुसत होती. माझी भाषा कच्ची आहे हे त्या हॉलमध्ये अजूनही सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

वन्स मोअर झाला तेव्हा भोसेकर काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. नंतर गुलाबजामाची वाटी घेऊन ते माझ्याजवळ आले. फार छान केलंस बेटा, म्हणाले, खूप मोठी हो. जायला निघाले आणि पुन्हा वळले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "तू केलं असशील. पण माझी आई म्हणायची."

म्हणत असेलही, काका, मी म्हटलं, आणि त्यांचं तिसरं कडवं कागदावर लिहून घेतलं.